विद्यार्थ्याला आधीच काय माहीत आहे?

डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचा शैक्षणिक मानसशास्त्रावरील मोठा पाठ्यग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच त्याने दोन-तीन ओळी छापल्या आहेत. त्यांचा आशय असा : सगळे शैक्षणिक मानसशास्त्र एकाच तत्त्वात सांगायची वेळ आली, तर मी एवढेच सांगेन, की शिकण्यावर सर्वांत अधिक परिणाम शिकणाऱ्याला आधीपासून जे माहीत असते त्याचा होतो, ते शोधून काढा आणि त्याला धरून शिकवा. पुढच्या शेकडो पानांत किचकट परिभाषा आहे आणि लांबच लांब युक्तिवाद आहेत. त्या पानांपर्यंत पोहोचणारे वाचक मोजकेच असणार; पण या ओळी मात्र जगभरच्या संशोधन-निबंधांत, शिक्षकांच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत आणि अभ्यासक्रमांच्या प्रास्ताविकांत आजही पुन्हा पुन्हा भेटतात.

मी बरीच वर्षे बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवले आणि त्यांचे सराव पाठ पाहिले. ऑसुबेल मला तेथेच भेटला. त्याच्या संशोधनाचा प्रभाव कसा पसरला याचा विचार करताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. त्याने शोधलेले अध्यापनाचे तंत्र आणि त्याने विचारलेला प्रश्न यांचा प्रवास दोन वेगळ्या वाटांनी झाला. ते तंत्र शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांत पोहोचले आणि तेथे पाठ घेण्याची एक ठरलेली पायरी झाले. प्रश्न संशोधकांच्या हाती गेला आणि त्यातून विज्ञान-शिक्षणाची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. या दोन वाटा आपल्या वर्गखोल्यांत एकत्र याव्यात, असे मला मनापासून वाटते. हा लेख त्यासाठीच आहे.

ऑसुबेलचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. तो वैद्यक शिकलेला मनोविकारतज्ज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने जर्मनीत विस्थापितांवर उपचार करण्याचे काम केले, पुढे कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रातील पीएच.डी. मिळवली, आणि १९५० नंतरची सुमारे दीड दशके तो इलिनॉय विद्यापीठात होता. १९७०च्या दशकात तो विद्यापीठीय अध्यापनातून निवृत्त होऊन पुन्हा मनोविकारांवरील उपचारांकडे वळला. २००८ साली त्याचे निधन झाले. रुग्णावर उपचार करण्याआधी त्याचा पूर्वेतिहास विचारायचा, ही शिस्त ज्याच्या अंगी मुरली होती, त्यानेच शिकवण्याआधी शिकणाऱ्याचा पूर्वेतिहास विचारा असे सांगावे, हा केवळ योगायोग नसावा, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

त्याने लेखणी उचलली तेव्हा अमेरिकेतील अध्ययन-संशोधनावर वर्तनवादाची, म्हणजे मनाऐवजी केवळ बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासणाऱ्या विचाराची, छाया होती. प्रयोगशाळेतले उंदीर, कबुतरे आणि निरर्थक अक्षरगटांच्या याद्या यांच्या आधारे शिकण्याचे नियम मांडले जात होते. अर्थहीन अक्षरांचे पाठांतर मोजून शाळेतला इतिहास किंवा जीवशास्त्र मुले कशी शिकतात हे कळणार नाही, कारण शाळेतला मजकूर अर्थ असलेला असतो आणि मूल तो रिकाम्या मनात साठवत नाही, हा ऑसुबेलचा मूळ आक्षेप होता. १९६३ साली त्याने आपला ‘अर्थपूर्ण शाब्दिक अध्ययना’चा सिद्धान्त स्वतंत्र पुस्तकातून मांडला. नवी माहिती मनात आधीपासून असलेल्या अधिक व्यापक कल्पनेखाली जाऊन बसते, तिच्याशी जोडली जाते, तिला थोडी बदलते आणि स्वतःही थोडी बदलते. जोडण्याजोगी कल्पनाच मनात नसेल, तर ती माहिती सुटी राहते आणि लवकर निसटते. त्याच्या सिद्धान्ताचा गाभा एवढाच आहे. विसरण्याकडेही तो याच दृष्टीने पाहतो. काळाच्या ओघात तपशील आपले वेगळेपण गमावतात, व्यापक कल्पनेत विरघळतात, आणि मागे उरते ती कल्पनाच. शाळा सोडून तीस वर्षे झालेल्या माणसाला फ्रेंच राज्यक्रांतीच्या सनावळ्या आठवत नाहीत, पण राजसत्ता उलथली गेली आणि का उलथली गेली हे आठवते. हा स्मरणशक्तीचा दोष आहे, असे ऑसुबेल म्हणणार नाही.

या सिद्धान्ताची कसोटी म्हणून त्याने केलेला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९६० सालचा. इलिनॉय विद्यापीठातील शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना त्याने कार्बन-पोलादाच्या गुणधर्मांवरील सुमारे अडीच हजार शब्दांचा मजकूर अभ्यासायला दिला. हे विद्यार्थी धातुशास्त्राचे नव्हते, आणि विषय मुद्दामच अपरिचित निवडला होता. त्यापूर्वी एका गटाला सुमारे पाचशे शब्दांचा एक परिच्छेद वाचायला मिळाला. धातू आणि मिश्रधातू यांत साम्य काय, भेद काय आणि माणूस मिश्रधातू मुळात करतोच कशासाठी, हे त्यात वरच्या पातळीवरून मांडलेले होते. पुढच्या मजकुरातली उत्तरे त्यात नव्हती. दुसऱ्या गटाला तितकाच लांब, पण पोलाद बनवण्याच्या पद्धतींचा इतिहास सांगणारा परिच्छेद दिला. तीन दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पहिला गट पुढे राहिला. या आधी दिलेल्या परिच्छेदाला मराठी शिक्षणशास्त्रात ‘अग्रत संघटक’ म्हणतात. तो सारांश नव्हे, कारण सारांश त्याच पातळीवर राहून मजकूर आखूड करतो. अग्रत संघटक एक पायरी वर चढून, पुढे येणारे तपशील कोठे टांगायचे ती जागा मनात तयार करतो.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला ही रचना अनोळखी वाटू नये. नारदीय कीर्तनात बुवा आधी पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्यातल्या तत्त्वाचे निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यानातला प्रत्येक प्रसंग कोणत्या विचाराशी जोडायचा हे श्रोत्याला ते सुरू होण्यापूर्वीच ठाऊक असते. म्हणून तीन तास बसून ऐकणारा माणूसही त्या वेळात शिकत असतो.

पोलादाच्या प्रयोगापेक्षा मला पुढच्या वर्षीचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. १९६१ साली ऑसुबेल आणि त्याचा सहकारी फिट्झगेराल्ड यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना बौद्ध धर्माच्या तत्त्वांवरील मजकूर दिला. हे विद्यार्थी ख्रिस्ती परंपरेत वाढलेले. बौद्ध विचार त्यांना नवा. एका गटाला आधी दोन्ही धर्मांची तुलना करणारा संघटक दिला होता, आणि त्याचा त्यांना लाभ झाला. पण आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती अधिक खोलवर जाणारी आहे : ज्यांची ख्रिस्ती धर्माविषयीची समज अधिक पक्की आणि स्पष्ट होती, त्यांनी बौद्ध धर्माविषयीचा मजकूरही अधिक चांगला लक्षात ठेवला. आपले घर नीट ठाऊक असलेल्याला दुसऱ्याचे घर कोठे वेगळे आहे ते चटकन दिसते.

आता तोच मजकूर नागपूरच्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गाला शिकवायचा आहे असे समजू. एका बाकावर बसलेल्या मुलीच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख तिच्या घरात इतिहासाची नव्हे तर कुटुंबाची तारीख आहे, आणि बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही ही प्रतिज्ञा तिच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर घेतलेली आहे. शेजारी बसलेल्या मुलाने दशावतारांच्या चित्रात नववा अवतार म्हणून बुद्ध पाहिलेला आहे. शिक्षकाने ‘बुद्ध’ हा शब्द उच्चारताच या दोघांच्या मनात दोन वेगळ्या कल्पना जाग्या होतात आणि नवा मजकूर त्या दोन कल्पनांशी दोन वेगळ्या रीतींनी जोडला जाऊ लागतो. इलिनॉयमधला संघटक येथे उचलून आणून चालणार नाही. इतकेच काय, एकच संघटक या दोघांनाही पुरणार नाही. ऑसुबेलच्या तत्त्वाचे वजन तेव्हा कळते. ‘आधी काय माहीत आहे’ हा प्रश्न वर्गाला नव्हे, त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचा आहे, आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात कोठेही छापलेले नाही.

ऑसुबेलचे नाव ज्या वादामुळे सर्वदूर झाले, तो वाद अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारांशी होता. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञान-शिक्षणाची झाडाझडती सुरू झाली. १९५९ साली वुड्स होल येथे शास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि त्या चर्चेतून ब्रूनर यांचे, मुलांनी ज्ञान स्वतः शोधावे असा आग्रह धरणारे विचार पुढे आले. त्यांचा प्रभाव प्रचंड होता आणि तो योग्यही होता. ऑसुबेलने मात्र १९६१ सालीच शाब्दिक अध्ययनाच्या बचावासाठी लेख लिहिला आणि एक भेद स्पष्ट केला, जो आजही पुरेसा पचनी पडलेला नाही. शिकण्याच्या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत, असे त्याचे म्हणणे. एका पट्टीच्या एका टोकाला दुसऱ्याकडून ग्रहण करणे आहे आणि दुसऱ्या टोकाला स्वतः शोधणे. दुसऱ्या पट्टीच्या एका टोकाला घोकणे आहे आणि दुसऱ्या टोकाला अर्थ जोडून शिकणे. आपण या दोन पट्ट्या एकच समजतो : ऐकले म्हणजे घोकले, हाताने केले म्हणजे समजले. ऑसुबेल सांगतो की तसे नाही. नीट रचलेले व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी मनात अखंड जोडणी करत असू शकतो, आणि चुका-सुधारणा करत कोडे सोडवणारा मुलगा उत्तरापर्यंत पोहोचूनही त्यातले काहीच न समजलेला असू शकतो.

आपल्याकडे हा भेद ठासून सांगण्याची गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, ज्ञानरचनावाद (मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार) हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला, आणि २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतील शिक्षकांनी पदरमोड करून फरशीवर तक्ते रंगवले, मणी, खडे, काड्या, बाटल्यांची टोपणे गोळा केली, मुलांना रांगांतून उठवून गोल बसवले. हे काम मोठे होते. मुले बोलू लागली, शाळेत रमू लागली. ज्यांनी आधीच्या मुक्या वर्गखोल्या पाहिल्या होत्या त्यांना या बदलाची किंमत सांगावी लागत नाही. परंतु काही ठिकाणी मूळ विचार मागे पडला आणि वस्तू पुढे आल्या. मुलाने दहा काड्यांचा गठ्ठा बांधला म्हणजे दशक समजले असे धरले गेले. गठ्ठा बांधणारा मुलगा केवळ गठ्ठा बांधायला शिकलेला असू शकतो. ‘चौतीस’ लिहिताना तीनच्या जागी तीन गठ्ठे आहेत हे त्याच्या मनात जोडले गेले का, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या बाजूला, खडू-फळ्याखेरीज काहीही हाती नसलेला, पण मुलांच्या अनुभवाला धरून ओघवते सांगणारा शिक्षक जुनाट ठरवला गेला. ऑसुबेल वाचलेला पर्यवेक्षक या दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहील.

अग्रत संघटकाच्या परिणामकारकतेचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९६०च्या प्रयोगानंतर शेकडो संशोधकांनी तो वापरून पाहिला. १९७५ साली बार्न्स आणि क्लॉसन यांनी ३२ अभ्यास तपासले. त्यांतील १२ अनुकूल आणि २० प्रतिकूल निघाले. संघटक नेमका कशाला म्हणायचे याची व्याख्याच सैल आहे, असा आक्षेप आला. ऑसुबेलने १९७८ साली त्याला त्वेषाने उत्तर दिले. १९८० साली १३५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा परिणाम आहे, पण तो लहान आहे, असे दिसले. त्याआधी, १९७९ मध्ये, रिचर्ड मेयर यांनी दाखवले होते की मजकूर खरोखर अपरिचित असेल आणि चाचणी शब्दशः आठवणीची नसून समजलेले नव्या ठिकाणी वापरण्याची असेल, तेव्हा संघटकाचा उपयोग होतो. मला यात सिद्धान्ताचा पराभव दिसत नाही. विद्यार्थ्याकडे आधीच योग्य कल्पना असेल तर संघटक अनावश्यक ठरणारच, आणि काय आहे हे न पाहता सरसकट दिलेला संघटक कधी लागेल, कधी वाया जाईल, हे मूळ तत्त्वातूनच निघते.

प्रश्नाचा प्रवास मात्र याहून वेगळा झाला, आणि त्याचे श्रेय मुख्यतः जोसेफ नोव्हाक यांना जाते. नोव्हाक कॉर्नेल विद्यापीठात विज्ञान-शिक्षणाचे प्राध्यापक होते. सहा-सात वर्षांच्या मुलांना पदार्थाचे कणस्वरूप, ऊर्जा असल्या अमूर्त कल्पना शिकवता येतील का, हे त्यांना पाहायचे होते. त्या वयाची मुले अशा कल्पनांना तयार नसतात, हे मुलांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्था मांडणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या प्रभावाखाली तेव्हा जवळजवळ गृहीत धरले जात होते. नोव्हाक यांच्या गटाने ध्वनिफिती आणि हाताळण्याच्या साहित्यासह २८ पाठ तयार केले, पहिली-दुसरीतल्या १९१ मुलांना ते दिले, आणि तुलनेसाठी ते पाठ न मिळालेली ४८ मुले निवडली. मग या मुलांच्या मुलाखती बारावीपर्यंत घेत राहिले. बारा वर्षे! या अभ्यासाचा वृत्तान्त १९९१ साली प्रसिद्ध झाला. पहिली-दुसरीत ते पाठ मिळालेल्या मुलांची समज पुढे वर्षागणिक वाढत गेली आणि त्यांच्यातल्या चुकीच्या कल्पना कमी होत गेल्या. दुसऱ्या गटात तशी प्रगती दिसली नाही. लहानपणी मनात बसलेल्या थोड्याशा नेमक्या कल्पना पुढच्या दहा वर्षांच्या शिकण्याला आधार देतात, याचा इतका धीराने गोळा केलेला पुरावा शिक्षणक्षेत्रात फार थोडा आहे.

त्या मुलाखतींच्या लेखी प्रतींचे ढीग साचू लागले, तेव्हा त्यांतून मुलाच्या समजेत झालेला बदल पकडायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. १९७२ च्या सुमारास नोव्हाक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक रीत काढली : मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटींत लिहायच्या, सर्वांत व्यापक ती वर, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर, मुलाने जोडणी कशी केली ते सांगणारे शब्द लिहायचे. हा संकल्पना-नकाशा. आज तो शाळकरी मुलांच्या वह्यांपासून संस्थांच्या नियोजनापर्यंत सर्वत्र दिसतो. २००४ साली स्पेनमधील पाम्प्लोना येथे त्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही त्यावर संशोधन झाले आहे. परंतु त्याचे मूळ काम मुलाला काही शिकवण्याचे नव्हते. मूल काय समजून बसले आहे ते मोठ्या माणसाला दिसावे, हे होते. पाठ्यपुस्तकातला तयार नकाशा फळ्यावरून वहीत उतरवून घेणे ही त्या कामाची नेमकी उलटी बाजू आहे.

स्पेन, पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये ऑसुबेलच्या ‘अर्थपूर्ण अध्ययना’ला जो व्यापक अनुयायी-वर्ग मिळाला, तसा त्याला त्याच्या स्वतःच्या देशातही क्वचितच मिळाला असेल. इंग्लंडमध्ये रोझलिंड ड्रायव्हर यांनी जॅक ईझली यांच्यासह १९७८ साली लिहिलेल्या निबंधापासून मुलांच्या पर्यायी कल्पनांचा अभ्यास सुरू झाला असे साधारणपणे मानले जाते. ढकलणे थांबले की वस्तू थांबते असे मूल मानते, विजेच्या परिपथात दिवा वीज ‘खाऊन टाकतो’ असे मानते, आणि वर्षभर शिकवूनही तसेच मानत राहते, हे या अभ्यासांनी देशोदेशी दाखवले. मुलांच्या मनातल्या पूर्वकल्पना आश्चर्य वाटावे इतक्या चिवट असतात, हे ऑसुबेलने १९६८ मध्येच लिहून ठेवले होते. येथे त्याच्या तत्त्वाला एक वेगळी बाजू मिळाली. आधीचे ज्ञान नव्या ज्ञानाला आधार देते तसेच ते त्याची वाटही अडवू शकते, आणि म्हणूनच ते शोधून काढणे अधिकच निकडीचे ठरते.

आपल्या शेतकरी घरातल्या मुलाला विचारा, झाडाचे अन्न कोठून येते? तो म्हणेल, मातीतून. खत हेच पिकाचे खाणे. हे उत्तर पुस्तकाप्रमाणे चूक आहे. पण त्यामागे युरियाच्या मात्रेने हिरवीगार झालेली ज्वारी आहे, शेणखत न मिळालेल्या वाफ्यातली पिवळी पडलेली मेथी आहे. ‘वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात’ हे वाक्य तो सातवीत पाठ करेल, परीक्षेत लिहील, आणि शेतात गेल्यावर पुन्हा खतालाच अन्न म्हणेल. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना न भेटता राहतील. खतातून पिकाला काय मिळते आणि हवा-पाणी-प्रकाशातून काय घडते, हे दोन्ही एकाच बोलण्यात आणून त्याच्या मेथीच्या वाफ्यापर्यंत जो शिक्षक पोहोचेल, त्याच्याच वर्गात या गोष्टींची भेट होईल.

ऑसुबेलचे तंत्र, म्हणजे अग्रत संघटक, आपल्याकडे मुख्यतः अध्यापन प्रतिमानांच्या, म्हणजे शिकवण्याच्या आखीव नमुन्यांच्या, रूपाने आले. ब्रूस जॉइस आणि मार्शा वेल यांनी १९७२ साली अध्यापनाची प्रतिमाने एकत्र मांडली, भारतातील बी.एड. अभ्यासक्रमांनी ती पुढे स्वीकारली आणि ‘अग्रत संघटक प्रतिमान’ हा परीक्षेचा एक प्रश्न झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या परंपरेतून आलेला ‘पूर्वज्ञान’ हा रकाना आहेच. मी पाहिलेल्या बहुसंख्य टाचणांत त्या रकान्यात एकाच घडणीचे वाक्य असे : विद्यार्थ्यांना अमुक घटकाची माहिती आहे. ही माहिती आदल्या रात्री, ज्या वर्गाला छात्राध्यापक अजून भेटलेलाही नाही त्या वर्गाविषयी लिहिलेली असे. मग प्रस्तावनेचे चार प्रश्न, चौथ्या प्रश्नाला मुलांनी निरुत्तर व्हायचे, आणि लगेच हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचे याची घोषणा. ठरलेल्या क्रमाने प्रश्न पार पडले की प्रस्तावना चांगली झाली असा शेरा मिळे. एखाद्या मुलाने दुसऱ्याच प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले, म्हणजे त्याला आधी काय माहीत आहे ते त्याने खरोखर सांगितले, तर छात्राध्यापकाची घडी विस्कटे आणि तो ‘बस खाली’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळे. त्या मुलाच्या उत्तरातच दिवसभराच्या पाठाचा आरंभबिंदू होता. त्या तरुण शिक्षकांना मी दोष देत नाही. रकाना भरण्याचे गुण होते, मुलाचे ऐकण्याचे नव्हते.

मुले घोकतात ती का, यावर ऑसुबेलने जे लिहिले आहे ते मला त्याच्या सर्व लेखनात सर्वांत माणुसकीचे वाटते. तो मुलांना आळशी म्हणत नाही. आपल्या शब्दांत दिलेले बरोबर उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून शिक्षक नाकारतात, हे मुलांना अनुभवाने कळते. वारंवार अपयश आल्याने आपल्याला समजेल हा विश्वासच उरत नाही. आणि समजलेले नाही हे कबूल करण्यापेक्षा घडाघडा म्हणून दाखवणे सुरक्षित असते. अशा परिस्थितीत घोकणे हा मुलाने विचारपूर्वक केलेला बचाव असतो. आपल्याकडे दहावीच्या वर्षात अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसलेल्या मुलाने हा लेखक वाचलेला नसतो, पण त्याची ही तीनही कारणे त्याला तोंडपाठ असतात.

तरीही पाठांतर आणि अर्थ यांच्यात कायमची भिंत आहे असे ऑसुबेलने कधी म्हटलेले नाही; ती एकाच पट्टीची दोन टोके आहेत आणि माणूस तिच्यावर पुढे सरकू शकतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरातच आहे. माझ्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी लहानपणी नुसती घोकली. पण ती पिढी बाजारात पाऊण शेर, दीड पायली, सव्वा हात असेच व्यवहार करत होती, त्यामुळे घोकलेले पाढे वापरात येऊन अर्थाला जोडले गेले, आणि चौथीपर्यंत शिकलेली बाई अडीच रुपये भावाने पाऊण किलोचे पैसे तोंडी सांगू शकत असे. आज अपूर्णांकाचा धडा भाकरीच्या किंवा पिझ्झाच्या चित्राने सुरू होतो आणि तीन चतुर्थांश ही वस्तू मुलाला जणू प्रथमच भेटते. वास्तविक ‘पाऊण तास झाला’, ‘सव्वादहा वाजले’, ‘अडीचशे ग्रॅम दे’ हे ते मूल बालवाडीच्या आधीपासून ऐकत आलेले असते. काही मुलांना पाऊण म्हणजे एकात पाव कमी हे नेमके ठाऊक असते. काहींना तो घड्याळाच्या काट्याचा एक आकार वाटतो. काही इंग्रजी माध्यमात गेलेली मुले तो शब्द समजूनही त्याचा वहीतल्या अपूर्णांकाशी संबंध लावत नाहीत.

यांतले कोणते मूल कोठे आहे हे कळण्यासाठी मोठे साहित्य लागत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलाला जवळ बसवून विचारावे : पाऊण वाटी तांदूळ दाखव, दोन वेळा पाऊण वाटी घेतली तर किती झाले, दीड आणि पाऊण यांत मोठे कोणते, आणि तुला ते कसे कळले? शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहावे आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. साठ मुलांच्या वर्गात हे रोज शक्य नाही, हे मी जाणतो. पण एका आठवड्यात दहा मुलांशी असे बोलणे शक्य आहे, आणि दहा मुलांची उत्तरे वाचली की उरलेल्या पन्नासांविषयीचे आपले अनुमान बरेच बदलते. पुणे, नाशिक, लातूर, गडचिरोली अशा वेगवेगळ्या भागांतल्या मराठी शाळांत, वऱ्हाडी, अहिराणी, माडिया बोलणाऱ्या मुलांसह, अशा मुलाखती काही वर्षे सलग घेतल्या जाव्यात आणि त्या नोव्हाक यांच्या धीराने जपल्या जाव्यात, अशी माझी इच्छा आहे. अपूर्णांकाचा धडा लिहायला बसणाऱ्यांच्या टेबलावर संदर्भग्रंथांच्या शेजारी त्या मुलाखतींची प्रत असली, तर धड्याचे पहिले पान मुलांच्या बोलण्यापासून सुरू करता येईल.